व्होल्टेज म्हणजे तापमान नव्हे

‘क्वांटम डॉट बघायला मिळेल का?’ असं विचारत एखादा एमएस्सीचा विद्यार्थी पुण्यातल्या प्रयोगशाळांचे उंबरे झिजवू लागला, तर त्याच्या हाती बहुधा एक कुपी येईल. अतिनील दिव्याखाली धरली की हिरवी-नारिंगी चमकणारी. या कुपीला आपल्या गावात चांगला जुना इतिहास आहे. गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सुलभा कुलकर्णी, शैलजा महामुनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थायोफेनॉलचं आवरण दिलेले झिंक सल्फाइडचे क्वांटम डॉट बनवले आणि १९९३ साली त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. याच जातीच्या डॉटना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पुण्यात हे काम आधीपासून चाललेलं होतं, हे मुद्दाम सांगायला हवं.

पण ज्यांच्यासाठी हा लेख आहे त्यांचा डॉट वेगळा. तो कुपीत मावत नाही, चमकतही नाही. गॅलियम आर्सेनाइडच्या थरांत पृष्ठभागाखाली इलेक्ट्रॉनांचा एक पातळ पत्रा असतो. वर धातूचे बारीक गेट बसवून, त्यांना ऋण व्होल्टेज देऊन, त्या पत्र्यात साधारण १०० नॅनोमीटरचं एक बेट कोंडून काढायचं. दोन बाजूंना दोन लीड. मधे हे बेट. बेटावर आणखी एक इलेक्ट्रॉन ढकलायचा तर साधारण एक मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट मोजावा लागतो, आणि हे सगळं डायल्यूशन फ्रिजमध्ये, काही दहा मिलिकेल्विनवर. अशा डॉटमधून करंट कसा जातो, विशेषतः दोन लीडमध्ये भरपूर व्होल्टेज लावल्यावर, हे रीनॉर्मलायझेशन ग्रुपच्या पद्धतीने काढायचं आहे. बोलताना आपण त्याला नुसतं ‘आरजी’ म्हणतो, इथेही तसंच म्हणू.

दरवर्षी काही मुलं या विषयाच्या वाटेला जातात. बीएस-एमएसच्या शेवटच्या वर्षाचा प्रबंध असतो, किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षी मार्गदर्शक एक निबंध हातात देतात. त्यातल्या बऱ्याच जणांची गाडी एकाच ठिकाणी अडते. ‘व्होल्टेज लावलं म्हणजे डॉट तापवल्यासारखंच झालं की, तापमानाच्या जागी व्होल्टेज घालू या,’ असं ते धरून चालतात. ढोबळ अंदाजाला हे चालून जातं. त्यापुढे एक पाऊल टाकलं की चालत नाही, आणि का चालत नाही हे कळणं म्हणजेच निम्मा विषय कळणं.

आधी मूळ गोष्ट थोडक्यात. डॉटवर विषम संख्येने इलेक्ट्रॉन असले की एक स्पिन मोकळा राहतो. लीडमधले इलेक्ट्रॉन त्या स्पिनशी देवाणघेवाण करतात. तापमान उतरत जाईल तशी ही देवाणघेवाण कमजोर न होता जोर धरते आणि खूप खाली गेल्यावर लीडचे इलेक्ट्रॉन त्या स्पिनला पुरतं झाकून टाकतात. हा कोंडो परिणाम. धातूंत तो आधी दिसला होता: लायडनमध्ये १९३४ साली सोनं थंड करताना त्याचा रोध एका टप्प्यानंतर उलटा वाढू लागल्याचं आढळलं आणि त्याचं कारण जुन कोंडो यांनी १९६४ साली दिलं. डॉटमध्ये गंमत उलटी होते. तिथे रोध वाढत नाही, वाट मोकळी होते. हे ग्लाझमन-रायख आणि एंग-ली या दोन जोड्यांनी १९८८ मध्ये सांगितलं, गोल्डहेबर-गॉर्डन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मोजलं, आणि २००० साली डेल्फ्टच्या प्रयोगात कंडक्टन्स जवळजवळ कमाल मर्यादेपर्यंत, म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रभार वर्ग गुणिले दोन भागिले प्लांकचा स्थिरांक इथपर्यंत, चढलेला दिसला.

आता कागद-पेन्सिल घ्या. पॅकेज डाउनलोड करू नका, ते नंतर. अँडरसन यांची १९७० ची ‘पुअर मॅन्स स्केलिंग’ ही आरजीची युक्ती नावाप्रमाणेच गरिबाची आहे, पण तिच्याइतकं शिकवणारं या विषयात दुसरं काही नाही. लीडमधल्या सगळ्या ऊर्जांचा पट्टा घ्या, त्याची रुंदी डी. पट्ट्याच्या दोन्ही टोकांच्या पातळ काठावरचे इलेक्ट्रॉन काढून टाका, आणि त्यांचा परिणाम उरलेल्यांच्या कपलिंगमध्ये जमा करा. कपलिंगला जी म्हणू. असं करत गेलं की डीच्या लॉगॅरिदमगणिक जी बदलतो आणि बदलाचा दर असतो उणे दोन गुणिले जीचा वर्ग. उणे चिन्ह महत्त्वाचं: डी कमी होतो तसा जी वाढतो. हे समीकरण सोडवलं की कोंडो तापमान मिळतं: सुरुवातीचा डी, गुणिले ई चा घात उणे एक भागिले दोन जी.

आकडे घालून बघा, कारण आकडे घातल्याशिवाय इथे काही खरं वाटत नाही. सुरुवातीचा डी १० केल्विन आणि जी ०.१ घेतला तर कोंडो तापमान येतं ६७ मिलिकेल्विन. पट्टा १ केल्विनपर्यंत आवळला की जी होतो ०.१८५. ०.२ केल्विनला ०.४६. ०.१ केल्विनला १.२७, म्हणजे आता पर्टर्बेशनचा अर्थ संपला, इथून पुढे या समीकरणावर विसंबायचं नाही. आता सुरुवातीचा जी जरासा हलवा. ०.०८ केला तर कोंडो तापमान १९ मिलिकेल्विन, ०.१२ केला तर १५५. घातांकात बसलेला आकडा असा जीव घेतो.

प्रत्यक्ष डॉटच्या भाषेत हेच बघायचं तर हॉल्डेन यांचं सूत्र वापरा. समजा बेटावरच्या दोन इलेक्ट्रॉनांची तिरस्कार-ऊर्जा, जिला सगळे यू म्हणतात, १ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट आहे आणि पातळी बरोबर मध्यावर आणून ठेवली आहे. लीडशी असलेल्या जोडणीमुळे पातळीला येणारी रुंदी, म्हणजे गॅमा, त्याच एककात ०.२५ असेल तर कोंडो तापमान साधारण १२५ मिलिकेल्विन. हाच गॅमा ०.१५ झाला तर १२ मिलिकेल्विन. पहिला डॉट चांगल्या फ्रिजमध्ये आरामात मोजता येतो. दुसऱ्यासाठी इलेक्ट्रॉन खरोखर तितके थंड करणंच कठीण, कारण फ्रिजचा आकडा आणि इलेक्ट्रॉनांचं तापमान यांत फरक पडतो. गेटवरचं व्होल्टेज किंचित सरकवलं की गॅमा बदलतो. प्रयोगवाले मित्र ‘आज डॉट चांगला आहे’ म्हणतात तेव्हा त्यांना एवढंच म्हणायचं असतं.

इथवर समतोलातली गोष्ट झाली. आता व्होल्टेज लावू.

सोसायटीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या दोन टाक्या डोळ्यांपुढे आणा. तापमान म्हणजे दोन्ही टाक्यांतल्या पाण्याची खळबळ. व्होल्टेज म्हणजे दोन टाक्यांतल्या पातळीचा फरक. खळबळीने पातळीची रेषच पुसट होते. फरकाने ती पुसट होत नाही, एकीच्या दोन रेषा होतात, आणि दोन्ही तितक्याच तीक्ष्ण राहतात. आरजीच्या दृष्टीने हा फरक जमीन-अस्मानाचा आहे. तापमानाने कपलिंगचा ओघ, म्हणजे डी घटेल तसं जीचं बदलत जाणं, थांबतो, कारण तापमानाखाली बारीक काही उरतच नाही. व्होल्टेजने तो तसा थांबत नाही. डावी फर्मी पातळी आपल्या जागी धारदार आहे, उजवीही आहे, आणि प्रत्येकीच्या आसपास कपलिंगचा ओघ चालू राहतो. वेग मात्र निम्मा होतो, कारण एका वेळी एकच लीड साथ देतो.

मग तो ओघ थांबतो कशाने? की थांबतच नाही, आणि कितीही व्होल्टेज लावलं तरी शेवटी प्रबळ कपलिंगच्या खड्ड्यात जाऊनच पडतो? २००० च्या आसपास यावर खरोखर वाद झाला. कोलमन, हूली आणि पार्कोले यांचं म्हणणं होतं की मोठ्या व्होल्टेजलाही प्रश्न प्रबळ कपलिंगचाच राहतो. रोश, क्रोहा आणि वोल्फ्ले म्हणाले, नाही. करंट वाहतो आहे, प्रत्येक इलेक्ट्रॉन पलीकडे जाताना डॉटवरच्या स्पिनला धक्का देतो आहे, आणि त्या धक्क्यांनी स्पिनची संगती तुटते. या डीकोहिरन्सचा जो दर, तोच ओघाचा बांध. २००३ मध्ये पास्के यांना सोबत घेऊन त्यांनी चुंबकीय क्षेत्रासह हे नीट मांडलं, आणि आज पारडं त्यांच्याच बाजूने झुकलेलं आहे.

या वादाचा निकाल तुम्हाला तुमच्या वहीत लावता येतो, आणि तो लावावाच. मघाचाच डॉट घ्या, कोंडो तापमान ६७ मिलिकेल्विन. बायस, म्हणजे दोन लीडमधलं व्होल्टेज, १०० मायक्रोव्होल्ट; तापमानात १.१६ केल्विन. व्होल्टेजपर्यंत ओघ नेहमीसारखा चालवा: जी येतो ०.१७६. इथून खाली निम्म्या वेगाने चालत राहिला तर प्रबळ कपलिंग कुठे गाठेल? कोंडो तापमानाचा वर्ग भागिले व्होल्टेज, म्हणजे सुमारे ४ मिलिकेल्विनला. आता डीकोहिरन्सचा दर काढा. पाय गुणिले जीचा वर्ग गुणिले व्होल्टेज, हा गोल्डन रूलने येणारा अंदाज घेतला तर ११० मिलिकेल्विनच्या घरात उत्तर येतं. ओघ ११० ला थांबला. खड्डा होता ४ वर. थांबला त्या क्षणी जी जेमतेम ०.३ आहे, एकच्या बराच खाली. व्होल्टेज ३०० मायक्रोव्होल्ट केलं तर दर १७५ च्या आसपास चढतो आणि खड्डा आणखी खाली सरकतो. म्हणजे व्होल्टेज वाढवू तसं अंतर वाढतच जातं. मोठ्या बायसला प्रश्न सौम्य कपलिंगचा आहे, हे तुम्ही अर्ध्या पानात दाखवलंत.

यात एक मेख आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. वर मी जी एकच आकडा असल्यासारखा लिहिला. खरं तर व्होल्टेज लावल्यावर जी हा इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेवर अवलंबून असलेला वक्र होतो. दोन्ही फर्मी पातळ्यांपाशी शिखरं, मधे दरी. रोश आणि मंडळींचं समीकरण या वक्राचं आहे. पायथॉनमध्ये ऊर्जेचे दोनेकशे बिंदू घेऊन ते साध्या लॅपटॉपवर सुटतं. दर पायरीला डीकोहिरन्सचा दर त्याच वक्रावरून पुन्हा काढायचा, बाहेरून आकडा चिकटवायचा नाही. हा प्रोग्रॅम एकदा स्वतःच्या हाताने लिहिला की पुढचे निबंध वाचताना ठेच लागत नाही.

ही दोन शिखरं प्रयोगात दिसतात का? दोन लीडच्या साध्या मोजणीत नाही. तिथे शून्य बायसपाशी एकच शिखर दिसतं आणि दोन्ही बाजूंना उतरतं. मेअर, विंगरीन आणि ली यांनी १९९३ मध्ये सांगितलेलं शिखराचं दुभंगणं बघायला तिसरा, अलगद जोडलेला लीड लागतो. तसे प्रयोग २००२ आणि २००५ मध्ये झाले. तेव्हा तुमच्या गणितात शिखर दुभंगलं आणि प्रयोगाच्या आलेखात दुभंगलेलं नाही, तर आधी मोजणी कशी केली ते वाचा, गणित नंतर खोडा.

आता पद्धतींकडे वळू. मुलं विचारतात, ‘सगळ्यात चांगली पद्धत कोणती?’ प्रश्न चुकीचा आहे. तुमच्या डॉटमध्ये लहान काय आहे ते आधी सांगा.

लीडशी जोडणी लहान असेल, म्हणजे डॉट जवळपास सुटा असेल आणि त्यातली अवस्था-अवस्थांची भाषा तुम्हाला हवी असेल, तर शोलर यांची रिअल-टाइम आरजी. यात लीड पूर्णपणे काढून टाकले जातात आणि उरतं डॉटच्या घनता-मॅट्रिक्सचं समीकरण. डीकोहिरन्सचे दर यात आपोआप, सुरुवातीपासून येतात, हाताने घालावे लागत नाहीत. माझ्या मते हेच तिचं मोठं बळ. शोलर आणि कोनिग यांचा निबंध २००० चा, फ्रीक्वेन्सीत मांडलेलं तपशीलवार रूप २००९ चं. २०१२ मध्ये प्लेत्युखोव आणि शोलर यांनी ती कोंडोच्या सौम्य टोकापासून प्रबळ टोकापर्यंत नेऊन दाखवली, आणि ज्यांना सौम्य कपलिंगच्या पद्धतीकडून एवढी अपेक्षा नव्हती त्यांनाही ती मान्य करावी लागली. वाचायला अवघड आहे. लिऊव्हिलिअन म्हणजे काय हे पक्कं नसेल तर हात लावू नका.

यू माफक असेल, गॅमाच्या तुलनेत फार मोठा नसेल, तर फंक्शनल आरजी. याकोब्स, मेडेन आणि शोलर यांनी २००७ मध्ये ती केल्डिशच्या, म्हणजे असमतोलासाठीच्या, चौकटीत बसवली. अनेक पातळ्यांचे, गुंतागुंतीच्या आकाराचे डॉट तिला परवडतात. यू वाढला की कोंडोची घातांकी बारीक ऊर्जा तिच्या हाती नीट लागत नाही. हे तिचे समर्थकही मोकळेपणाने लिहितात.

केहराइन यांची फ्लो इक्वेशन पद्धत तिसरी. त्यात काठ छाटायचाच नाही, हॅमिल्टोनियन हळूहळू कर्ण-रूपात आणत जायचं. २००५ मध्ये व्होल्टेजखालचा कोंडो त्यांनी असा सोडवला. सुंदर आहे. तिच्यावर काम करणारे मात्र थोडे, त्यामुळे अडलात तर विचारायला माणूस शोधावा लागतो. विद्यार्थ्यासाठी ही बाब छोटी नाही.

आणि विल्सन यांची न्यूमरिकल आरजी, एनआरजी. १९७५ चं हे काम, १९८२ चं नोबेल ज्या विचारासाठी मिळालं त्याच कुळातलं. एनआरजीशी आपलं एक नातं आहे: अँडरसन मॉडेलला ती लावणारे १९८० चे दोन दीर्घ निबंध कृष्णमूर्ती, विल्किन्स आणि विल्सन यांचे. त्यातले एच. आर. कृष्णमूर्ती पुढे बंगळूरच्या आयआयएससीत अनेक पिढ्यांना शिकवत राहिले. ते दोन निबंध अजूनही एनआरजी शिकण्याचा सर्वांत सरळ रस्ता आहेत. समतोलात तिला तोड नाही. व्होल्टेज आलं की पंचाईत होते, आणि त्याचं कारण समजून घ्या. एनआरजी ऊर्जेचे कप्पे लॉगॅरिदमने पाडते: शून्याजवळ बारीक, लांब गेलं की जाड. दोन फर्मी पातळ्या शून्यापासून लांब आहेत, नेमके तिथेच कप्पे जाड. शिवाय साखळी मर्यादित असल्याने तिच्यात कायम वाहणारा करंट राहूच शकत नाही. थोड्या वेळाने तो टोकावर आपटून परत येतो. यावर अँडर्स आणि शिलर यांनी २००५ मध्ये काळाबरोबर चालणारी एनआरजी काढली, अँडर्स यांनी २००८ मध्ये स्कॅटरिंग अवस्थांची वाट काढली, आणि २०१८ मध्ये श्वार्झ, वाइक्सेलबाउम, फोन डेल्फ्ट आदींनी एनआरजीला डीएमआरजीशी (घनता-मॅट्रिक्स आरजीशी) जोडून मोठ्या बायसपर्यंत मजल मारली. पण तयार पॅकेज चालवून असमतोलाचं उत्तर मिळेल या भ्रमात कोणी राहू नये.

२०१० मध्ये एकेल आणि सहकाऱ्यांनी यातल्या काही पद्धती एकाच मॉडेलवर शेजारी-शेजारी ठेवून तपासल्या. निबंध ‘न्यू जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये आहे, सगळ्यांना खुला. कोणती पद्धत कुठे टिकते आणि कुठे दम सोडते हे त्यात आलेखांतून दिसतं. पद्धत निवडण्याआधी तो वाचला नाही तर मार्गदर्शकांनी कान धरायला हरकत नाही.

उत्तर आल्यावर ते बरोबर आहे की नाही, हे कसं ओळखायचं? इथे मुलं सर्वांत जास्त घाई करतात. पहिली कसोटी, यू शून्य करा. मग प्रश्न अचूक सुटतो. मेअर आणि विंगरीन यांच्या १९९२ च्या सूत्राने करंट काढा आणि तुमच्या प्रोग्रॅमचा करंट त्यावर बसतो का पाहा. बसलाच पाहिजे, रेषेवर रेष. दुसरी, डाव्या लीडमधून जेवढा करंट आत येतो तेवढा उजवीकडून बाहेर जातो का? हास्यास्पद वाटेल, पण ओघाची समीकरणं मधेच तोडली की हा साधा नियम सहज मोडतो. तिसरी, व्होल्टेज शून्याकडे नेलं की समतोलातला कंडक्टन्स मिळतो का.

चौथी कसोटी बारीक आहे आणि म्हणूनच खरी. अगदी कमी तापमानाला आणि कमी व्होल्टेजला कंडक्टन्स कमाल मर्यादेपासून वर्गाच्या प्रमाणात खाली येतो: एक घट तापमानाच्या वर्गाने, दुसरी व्होल्टेजच्या वर्गाने. दोन्ही बाजूंची जोडणी समान असलेल्या कोंडो डॉटसाठी या दोन घटींच्या सहगुणकांचं गुणोत्तर (व्होल्टेजचा भागिले तापमानाचा) तीन भागिले दोन पाय वर्ग, म्हणजे सुमारे ०.१५ यायला हवं. २००८ मध्ये ग्रोबिस आणि सहकाऱ्यांनी प्रयोगात ०.१ च्या आसपास मोजलं, आणि त्या तफावतीवर पुढे बरंच लिहिलं गेलं. ‘व्होल्टेज म्हणजे तापमान’ म्हणणाऱ्यांना हा आकडा दाखवा. तसं असतं तर दोन्ही सहगुणक सारखेच आले असते.

मोठ्या व्होल्टेजच्या टोकाला कंडक्टन्स व्होल्टेज भागिले कोंडो तापमान याच्या लॉगॅरिदमच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरतो. सहगुणक तीन पाय वर्ग भागिले सोळा. शंभरपट व्होल्टेजला कमाल मर्यादेच्या जेमतेम नऊ टक्के. हे टोक जुळलं आणि मधला भाग विचित्र दिसला तर समजा की डीकोहिरन्स कुठेतरी निसटला आहे.

आणखी एक. दोन निबंधांतली कोंडो तापमानं शेजारी ठेवण्याआधी व्याख्या बघा. प्रयोगवाले बहुधा जिथे कंडक्टन्स निम्म्यावर येतो ते तापमान धरतात आणि ०.२२ घातांकाचं एक कामचलाऊ सूत्र डेटाला बसवतात. एनआरजीवाले चुंबकीय प्रतिसादावरून काढतात. रिअल-टाइमवाले व्होल्टेजवरून. घातांक सारखा, बाहेरचा गुणक वेगळा. आलेख आडव्या अक्षावर थोडा सरकलेला दिसतो आणि मुलं ‘नवं भौतिकशास्त्र’ म्हणून उड्या मारतात.

आता पुण्याचं. या नेमक्या विषयाची शाळा इथे शोधत बसू नका, पाया घडवणारी माणसं शोधा. पाषाणच्या आयसरमध्ये बिजय कुमार अगरवाला यांचा गट खुल्या क्वांटम प्रणालींतलं वहन आणि असमतोल ग्रीन फलन या दिशेने काम करतो. केल्डिश शिकायचं तर असं वातावरण लागतं. आरजीची दृष्टी म्हणाल, तर दीपक धर यांनी १९७७ मध्ये अपूर्णांकी मितीच्या जाळ्यांवर केलेलं काम वाचा. टीआयएफआरनंतर ते पुण्याच्या आयसरमध्ये होते. २०२२ चं बोल्ट्झमन पदक मिळालेले ते पहिले भारतीय. त्यात क्वांटम डॉट नाही, पण काठ छाटत छाटत समीकरण कसं परत स्वतःसारखं होतं, हे इतकं स्वच्छ फार कमी ठिकाणी दिसतं. अशा डॉटचे प्रयोग म्हणजे काय ते बघायचं असेल तर मुंबई दूर नाही. टीआयएफआरमध्ये मिलिकेल्विनची यंत्रणा आहे, उन्हाळी प्रकल्पाला अर्ज करा.

पुस्तकांबाबत कंजूषपणा करायचा नाही, पण गर्दीही नको. ब्रूस आणि फ्लेन्सबर्ग यांचं मेनी-बॉडीचं पुस्तक सुरुवातीला, हाउग आणि याउहो यांचं केल्डिशसाठी, आणि ह्यूसन यांचं १९९३ चं ‘द कोंडो प्रॉब्लेम टू हेवी फर्मिऑन्स’ जवळ ठेवण्यासाठी. विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय आहे, आयुकाचं ग्रंथालय आहे. निबंध बहुतेक सगळे अर्काइव्हवर फुकट मिळतात, त्यामुळे ‘आमच्या कॉलेजात जर्नल येत नाही’ ही सबब आता कोणी ऐकणार नाही. महासंगणकाची तर गरजच नाही. आयसरमध्ये २०१९ पासून परम ब्रह्म आहे, उत्तम यंत्र आहे, पण वर सांगितलेलं सगळं पहिल्या वर्षी लॅपटॉपवर होतं. ज्याला वक्राचं समीकरण लॅपटॉपवर सोडवता येत नाही त्याला ते परम ब्रह्मवरही सुटणार नाही.

पीएचडीसाठी जेस्ट, गेट, सीएसआयआर-नेट यांची तयारी समांतर चालू ठेवा. या परीक्षांत कोंडोवर एकही प्रश्न येत नाही आणि त्याबद्दल तक्रार करून उपयोग नाही. मार्गदर्शकांना ईमेल लिहाल तेव्हा ‘मला आरजीत रस आहे’ एवढ्यावर भागवू नका. अशा ईमेलला उत्तर येत नाही, आणि न येणंच रास्त आहे. त्याऐवजी एक पान जोडा: यू शून्य असतानाचा तुमच्या प्रोग्रॅमचा करंट, त्यावर मेअर-विंगरीनची रेष, आणि खाली दोन ओळींत, यू वाढवल्यावर तुमचा ओघ कुठे थांबला आणि कशामुळे.